बोलावण्याचं अक्षर

तात्याबाने पत्रिका पुढे केली आणि म्हणाला, "हात अजून हाय तसाच हाय बगा तुमचा. लय झ्याक लिवलंय." बन्सी ओव्हाळने पत्रिका घेतली. 'चि. सौ. कां. सुषमा' या अक्षरांवर त्याची नजर गेली आणि तिथेच राहिली. अक्षर त्याचंच होतं. उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यावर ज्वारी झुकते तेवढंच. 'ष'च्या पोटातली रेघ बारीक होत होत केसासारखी संपलेली. शिरोरेघ सलग नाही, प्रत्येक अक्षरावर वेगळी, डाव्या टोकाला जाड आणि उजवीकडे निमुळती. दौंडपासून शिरूरपर्यंत तीस वर्षांत हे अक्षर दुसऱ्या कुणाच्या हातून उतरलं नव्हतं. फक्त हे आपण कधी लिहिलं, ते त्याला आठवेना.

तात्याबा धाकट्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं करायला कवठे येमाईहून आला होता. पूर्वी मेंढरं घेऊन भीमेच्या काठाने उतरायचा तेव्हा दौंडात बन्सीच्या पत्रिकांच्या दुकानासमोर थांबायचा. आता मेंढरं गेली, बागाईत आलं, थोरल्या लेकाचं, पप्पूचं, शिरूरला छपाईचं दुकान झालं, तरी माणूस तसाच होता, खाटेवर न बसता भिंतीला पाठ लावून उकिडवा बसणारा. "पयली पत्रिका येमाईच्या पायाशी ठिवली," तो म्हणाला, "दुसरी मामाच्या घरी दिली, आन् तिसरी तुमाला. म्हणलं, ज्यानं लिवली त्याला आदी द्यावी." बन्सी म्हणाला, "व्हय." आपण व्हय का म्हणालो हे तात्याबा गेल्यावरही त्याला कळलं नाही. न्हाई म्हटलं असतं तर पुढचं बोलावं लागलं असतं. बायको चांगुणा गेल्यापासून, म्हणजे सात महिन्यांपासून, आपण बोरूला हात लावलेला नाही. हात थरथरतो. ती गेली आणि उजवा हात थरथरायला लागला, ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. लेकीला, मायालाही नाही. ती त्याने आपल्यापाशी ठेवली होती. तो रडला नव्हता. जलदान विधीच्या दिवशी सगळी माणसं रडली आणि हा खुर्च्या मोजत फिरला. मग एका सकाळी दाढी करताना हातातला वस्तरा हलायला लागला तेव्हा त्याला वाटलं, हे रडणं हातात उतरलंय. उतरू दे.

मग पत्रिका कुणी लिहिली? दुपारभर तो पत्रिकेपुढे बसून राहिला. त्याला त्याचा बाप आठवायला लागला. भैरू ओव्हाळ रेल्वेत गँगमन होता. रिटायर झाल्यावर चौथ्या वर्षी त्याचं डोकं गेलं. पहाटे उठून हातात कंदील घेऊन निघायचा. कुठं चाललास म्हटलं की म्हणायचा, ड्युटी. ड्युटी करून आलो म्हणून संध्याकाळी पाय धुवायचा, आणि विचारलं तर कुठल्या मैलावर रुळांच्या सांध्याची कुठली फिशप्लेट ढिली झाली होती तेही सांगायचा. ते सगळं खरं असायचं, फक्त वीस वर्षांपूर्वीचं. बन्सीला वाटलं, आपलंही तसंच चालू झालं असेल तर? दुपारी माया शाळेत शिकवायला गेल्यावर आपण उठत असू, शाई कालवत असू, लोकांच्या पत्रिका लिहून देत असू, आणि संध्याकाळी हात धुऊन सगळं विसरत असू. त्याने उठून पेटी उघडून पाहिली. दौत कोरडी होती. बोरूंच्या टोकांवर जुनी शाई तडकून बसली होती. त्याला बरं वाटलं नाही. बापाचा कंदीलही कधी पेटवलेला नसायचा.

संध्याकाळी माया आली, तिने चप्पल काढता काढता पत्रिका पाहिली आणि हसली. "आबा, परत लिहायला लागलात? मला बोलला नाहीत." तिच्या चेहऱ्यावर इतकं हसू त्याने, तिची आई गेली त्या वैशाखानंतर, पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर त्याने छापखान्यातलं जुनं भिंग काढलं आणि दारातल्या उजेडात पत्रिका धरली. लक्ष्मण, लग्न, मंगल, कुलस्वामिनी, लोणी. पत्रिकेत अकरा 'ल' होते. अकराही सारखे होते. सारखे म्हणजे हुबेहूब. शेपटीला जिथे बोरू किंचित अडखळला होता तिथे अकराही जागी तो तेवढाच अडखळला होता. हाताला दोनदा तेच जमत नाही. हात दर वेळी नवा असतो, त्याच्यात त्या दिवसाची भूक असते, शेजारी वाजणारा रेडिओ असतो. चांगुणा एक अक्षर वाचायला शिकली नाही, पण वाळत घातलेल्या कागदांवरून फिरताना म्हणायची, "ह्यो आज रुसलाय." आणि बघावं तर तोच 'ल' बिघडलेला असायचा. इथे अकरा 'ल' होते आणि एकही रुसलेला नव्हता. खाली पाहुण्यांच्या नावांत एक ज्ञानोबा होता. त्याचा 'ज्ञ' भलताच निघाला, जाडजूड, ताठ उभा, परगावच्या वरातीत शिरलेल्या माणसासारखा. म्हणजे हे मशीन होतं. आपलं डोकं शाबूत आहे म्हणून सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. त्याऐवजी त्याने भिंग ठेवलं, पत्रिका खिशात घातली आणि शिरूरला पप्पूच्या दुकानात जायचं ठरवलं.

एसटी चौफुल्याला वळली आणि केडगाव आलं. केडगाव आलं की त्याला अजूनही कागदाचा आणि रॉकेलचा वास येतो. तिथल्या मिशनजवळ त्याची आत्या धुण्याभांड्याची कामं करायची आणि सुट्टीत त्याला घेऊन जायची. तिथेच एका खोलीत सारजाबाई राहायची. पोरपणी विधवा होऊन मिशनमध्ये आलेली, तेव्हा साठीला टेकलेली. ती बायबलातली वचनं लिहायची, भिंतीवर लावायला, बोरूने, तिरप्या अक्षरात. आपल्या मराठीला तिरपं चालत नाही असं तिला पुष्कळांनी सांगितलं होतं. अक्षर शिरोरेघेला टांगलेलं असतं, तिरकं केलं की पडल्यासारखं दिसतं. तिने इंग्रजी पुस्तकांतली तिरकी अक्षरं पाहून पाहून, बोरूचा काप बदलून, मराठीला झुकायला शिकवलं होतं. "उभं अक्षर दारात उभं असतं," ती म्हणायची, "तिरपं निघालेलं असतं. कुणाकडं तरी चाललेलं असतं." त्यामुळे तिरप्याचे नियम होते. सबंध मजकूर तिरपा लिहायचा नाही, डोळे थकतात. नाव तिरपं, पत्ता उभा. आमंत्रण तिरपं, तारीख उभी. शाबासकीच्या कागदावर मुलाचं नाव तिरपं, हेडमास्तरांचा हुद्दा उभा. आणि हिशेब, हुकूम, मनाई, यात तिरपं कधीच नाही. "तिरप्यात माणसाला बोलवावं. हाकलायला उभं आहेच." तिने हे त्याला पाटीवर शिकवलं, त्याचा हात आपल्या हातात धरून. बन्सी तेव्हा अकरा वर्षांचा होता. घरच्या माणसांखेरीज कुणी त्याचा हात असा धरलेला त्याला आठवत नव्हता. शाळेत मास्तर छडीसुद्धा लांबूनच मारायचे.

पुढे दौंडला छापखान्यात खिळे जुळवायला लागला, तिथल्या मालकाने त्याचं अक्षर पाहिलं आणि पत्रिकेचा मथळा त्याच्याकडून लिहून घेऊन पुण्याहून त्याचा छपाईचा ब्लॉक करून आणला. मग ते पसरलं. केंदूरपासून कुरकुंभापर्यंत लोक सांगून यायचे, बन्सीच्या अक्षरात पायजे. मराठ्यांच्या, माळ्यांच्या, धनगरांच्या, वाण्यांच्या घरच्या पत्रिका. पहिली प्रत देवाला. हे त्याला फार उशिरा, असाच तात्याबासारखा कुणीतरी बोलून गेला तेव्हा उमगलं. ज्या गावात त्याचा जन्म झाला तिथल्या देवळाच्या पायऱ्यांखाली त्याचा बाप चप्पल हातात घेऊन उभा राहायचा, आणि आता पुऱ्या मुलखातल्या गाभाऱ्यांत बन्सीचं अक्षर कुंकवात पडलेलं असायचं. तो बुद्धाचा माणूस. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती, दुसरं काही नाही. देवीच्या पायाशी जाऊन काय मिळायचं होतं? काही नाही. तरी लग्नसराईत मध्येच लिहिता लिहिता त्याला ते आठवायचं, आणि हात एखादी शेपटी उगाच लांबवायचा. त्याची त्याला लाजही वाटायची. त्या घरांत तो लग्नाला गेला तर कधी कुणी हाकललं नाही. पंगतीत बसवायचे, वेगळी रांग आता राहिली नव्हती. फक्त शेजारच्या पाटावर बसायला माणसं जरासा उशीर लावायची. चांगुणा म्हणायची, "तुमचं अक्षर आत जातंय न्हवं? मग तुमी कशाला जाताय?" तिने हे चिडून म्हटलं होतं की लाडाने, हे आता विचारायची सोय नव्हती.

पारगावचा पूल ओलांडून एसटी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली. रस्त्याच्या कडेला एका पोल्ट्रीच्या फाटकावर पाटी होती, नवी, पांढरीशुभ्र. एसटी खड्ड्यात हळू झाली म्हणून ती त्याला पूर्ण वाचता आली. 'परवानगीशिवाय आत येण्यास सक्त मनाई आहे.' सबंध ओळ तिरपी. 'मनाई'तली 'ई' अशी वळलेली होती की तिच्या वळणावरून बोट फिरवावंसं वाटावं. ती 'ई' त्याने सारजाबाई वारली त्या वर्षी बसवली होती, दोन महिने कागद फाडून. तिच्यात सारजाबाईची मान होती, लिहिताना ती वळवायची तशी. शेजारच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "आप्पा, गाडी लागतीया व्हय? खिडकीला बसा." तो म्हणाला, "न्हाई, बरं हाय." त्याला वाटलं, आपण झोपेत एखाद्याच्या तोंडावर थुंकून आलो आणि आता लोक सांगतायत.

पप्पूचं दुकान शिरूरच्या स्टँडमागे होतं. आत दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, भिंतीवर पत्रिकांचे नमुने. पप्पू तीस-बत्तिशीचा, जाड चष्म्याचा. स्क्रीन प्रिंटिंग तो बन्सीकडेच शिकला होता आणि अजून त्याच्यासमोर खुर्चीवर बसत नसे. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. "आप्पा, फोन करायचा. म्या आलो असतो." बन्सीने खिशातली पत्रिका काढून काउंटरवर ठेवली.

"हे कुणी लिवलं?"

पप्पूने पत्रिकेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुमीच की."

"मी न्हाई लिवलं."

"अक्षर तुमचंच हाय, आप्पा. जुळवणी माझी."

"दाव."

पप्पूने मॉनिटर वळवला. एक लांब यादी उघडली, फॉन्टच्या नावांची, आणि त्यात बोट ठेवलं. पप्पू इटालिक. मग त्याने कीबोर्डवर काहीतरी बडवलं आणि पडद्यावर बन्सीचं अक्षर एकेक करून उमटत गेलं, भराभर, श्वास न घेता. क, ख, ग. जो 'ख' लिहिताना बन्सी दर वेळी मध्ये एकदा थांबायचा तोही न थांबता आला. बन्सीने विचारलं, "नाव तुझं कसं?" त्यात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पप्पू ओशाळला. "मशीन नाव मागतं आप्पा. त्याबिगर सेव्हच व्हत न्हाई. तवा काय सुचलं न्हाई, टाकून दिलं. मागनं बदलू म्हणलं, तवर लोकांनी नेला." बन्सीने विचारलं, "नमुने कुठनं घेतलेस? पत्रिकांवरनं?" पप्पू चष्मा पुसायला लागला. पुष्कळ वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "मावशींनी दिले. सांगायचं न्हाई म्हणल्या हुत्या. पर आता त्याच न्हाईत, तर कुणाला राखायचं."

चांगुणा आली होती. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, एकटी, एसटीने. तिला पाट्या वाचता येत नसत, विचारत विचारत आली असणार. याच स्टुलावर बसली, तांब्याभर पाणी प्याली आणि पिशवीतून गठ्ठे काढले, लुगड्याच्या काठाने बांधलेले. बन्सीने बिघडले म्हणून टाकलेले, सरावाचे, वाळवून उरलेले कागद. तिने कात्रीने एकेक अक्षर कापून वेगळं केलं होतं. प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे. "मला म्हणल्या, ह्यातलं मधलं घे, कडंचे सोबतीला ठिवल्यात," पप्पू सांगत होता. "म्या बघितलं तर मधलंच खरं अक्षर. येक चुकलं न्हाई आप्पा. म्या म्हणलं, मावशी, आप्पांना इचारतो. तर म्हणल्या, न्हाई. त्यांचा हात हालाय लागलाय. त्यांना अजून ठावं न्हाई. कळलं तर त्याच दिवशी बोरू टाकतील. चालतंय तवर चालू दे. पर हात गेल्यावर अक्षर जाऊ ने, म्हणल्या."

"कवा म्हणाली?"

"तवाच. तीन वर्सं झाली की."

बन्सी स्टुलावर बसून होता. बाहेर स्टँडवर नगरच्या गाडीची घोषणा चालली होती. तीन वर्षं. म्हणजे ती जिवंत असताना, धडधाकट असताना, तिच्या पोटातला आजार कुणाला माहीत नव्हता तेव्हाच हात हलत होता. एकेक गोष्ट त्याच्या अंगावर येऊ लागली. ती चहा अर्धा ग्लासच द्यायची. पूर्वी काठोकाठ द्यायची. तो एकदा चिडून म्हणालाही होता, दूध महागलं का एवढं? ती म्हणाली, "डागदर म्हणला न्हवं, चहा कमी करा." डॉक्टर असं काही म्हणाला नव्हता. लिहायला बसला की ती काही ना काही निमित्ताने येऊन कागदाचा कोपरा दाबून धरायची, वारा सुटलाय म्हणायची. सदऱ्याची बटणं ती लावून द्यायला लागली होती, आणि म्हातारपणी हिला काय प्रेम सुचतंय म्हणून तो मनात हसला होता. तिला दिसलं होतं. ती त्याच्या हाताकडे रोज बघत होती आणि त्याच्यापासून त्याचाच हात लपवत होती.

म्हणजे हातातलं ते रडणंही खोटं. सात महिने तो ज्या थरथरीला चांगुणाचं दुःख म्हणून सांभाळत बसला होता, ती साधी शिरांची थरथर होती, तिच्या मरणाशी काही संबंध नसलेली, ती असतानाच सुरू झालेली. तो तिच्यासाठी रडलाच नव्हता. त्याला एकदम तिचा राग आला, इतका की कानशिलं तापली. कुणी सांगितलं होतं तुला? मी जिवंत असताना माझी सोय लावून मोकळी झालीस, कापून, गठ्ठे बांधून. आणि लगेच त्याला दिसलं, ती जमिनीवर बसलीय, पुढ्यात कागद पसरलेत, हातात शिवणाची कात्री. वाचता येत नाही. 'भ' आणि 'म' यांत वाचणाऱ्यालाही घोटाळा होतो. ती एकेक अक्षर उचलून उजेडात धरतेय, चेहरा ओळखतेय, हे बरं आहे का, हे रुसलंय का. किती दिवस बसली असेल? तो दुकानात असताना, दुपारची, दार लोटून. राग धरायला कुणी उरलं नव्हतं. आभार मानायलाही नव्हतं.

"काढून टाक," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"मशीनमधनं. काढून टाक ते."

पप्पूने मान खाली घातली. "माझ्या मशीनवरचं आत्ता काढतो, तुमी म्हणत असाल तर. पर आप्पा, मावशी गेल्यावर फ्लॉपी नगरला गेली, चाकणला गेली, पुण्यात तर कुणाकुणाकडं हाय मलाच ठावं न्हाई. बारशाला त्योच, दहाव्याला त्योच. गाडीच्या नंबरप्लेटीला त्योच. लोकांना आवडतो."

"पोल्ट्रीच्या फाटकावर मनाई लिवलीय त्यात."

"आसंल. त्यांना काय, जरा भारी दिसलं पायजे."

बन्सीला सांगायचं होतं की त्यात हाकलायचं नसतं. ते वाक्य त्याच्या तोंडात आलंही. पण सारजाबाई कोण, केडगाव कुठलं, ते सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि सांगून त्या पाटीवरची 'ई' सरळ झाली नसती. त्याने पत्रिका उचलून परत खिशात ठेवली. पप्पूला वाटलं राग निवळला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आप्पा, येक काम हुतं. मावशींच्या पिशवीत 'ज्ञ' नव्हता. कुठं गळाला काय की. म्या दुसऱ्या फॉन्टातला घुसवलाय, पर त्यो जुळत न्हाई. तेवढा लिवून द्याल? तुमच्या हातचं पुरं हुईल मग." आणि त्याने खणातून एक बोरू काढला, शाईची बाटली काढली. बोरू बन्सीचाच होता, शिकताना दिलेला.

नाही म्हणता आलं असतं. पण तिने सगळी अक्षरं जमवली आणि एक राहिलं, हे त्याला सोसवेना. त्याने बोरू शाईत बुडवला. पप्पूने न सांगता कागदाचा कोपरा दाबून धरला. त्याबरोबर बन्सीचा हात जास्तच हलायला लागला. पहिला 'ज्ञ' गाठीपाशीच फुटला. दुसऱ्याची शेपटी तीन ठिकाणी मोडली. तिसरा त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरून काढला, तो शाळेतल्या पोराने काढल्यासारखा आला. चौथ्याला शाई सांडली. पाचव्याला तो थांबला. "ऱ्हाऊ द्या," पप्पू म्हणाला, "तिसरा बास हाय." त्याने कागद स्कॅनरवर ठेवला, दिव्याची पट्टी कागदाखालून सरकली, आणि पडद्यावर तो वेडावाकडा 'ज्ञ' भिंतीएवढा मोठा उभा राहिला. प्रत्येक कापरं दिसत होतं, घाटातल्या रस्त्यासारखं. पप्पूने माउसने एक टोक धरून ओढलं, दुसरं धरून ओढलं. वळणं सपाट झाली, शेपटी सुटली, गाठ आवळली गेली. पाच-सात मिनिटांचं काम. मग त्याने अक्षर लहान करून ओळीत बसवलं, 'ज्ञानोबा' असं लिहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. बन्सी पाहत राहिला. असा 'ज्ञ' त्याला उभ्या आयुष्यात जमला नव्हता. चांगले दिवस होते तेव्हाही तो अक्षर टाळायचा, नाव असेल तर ज्ञानोबाचा 'ग्यानबा' करू का म्हणून गिऱ्हाइकाला विचारायचा. पिशवीत तो नव्हता कारण घरात एकही धड 'ज्ञ' नव्हता, आणि चांगुणाला ते कळलं होतं. आता ओळीतलं सगळ्यात सुंदर अक्षर ते होतं. पप्पू आनंदाने म्हणाला, "बघा. तुमचाच हाय." बन्सी म्हणाला, "ऱ्हाऊ दे मशीनमधी. काढू नको."

सुषमाच्या लग्नाला तो गेला नाही. मायाला पाठवलं. ती परत येऊन सांगत होती की मांडवाच्या तोंडाशी मोठा कापडी फलक होता, सुस्वागतम, आणि सगळे विचारत होते ओव्हाळ आप्पा का नाही आले. त्याने तिला हाताचं सांगितलं. नुसतं एवढंच, की हात जातोय. ती म्हणाली, "मला माहीत आहे, आबा. आईने सांगितलं होतं." त्याला वाटलं, या घरात आपलं आपल्याला सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं.

थंडी सरता सरता मायाने एक रखडलेलं काम काढलं. रेशनकार्डावरून आईचं नाव कमी करायचं होतं. नऊ-दहा महिने तो टाळत आला होता. आता टाळण्याइतकीही ताकद राहिली नव्हती, म्हणून तो तिच्याबरोबर कचेरीत गेला. अर्ज मायाने भरला होता. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून बाई होती, स्वेटर घातलेली, बोलायला मऊ. तिने जुना अर्ज फाइलमधून काढला, त्यावर बन्सीची चौदा वर्षांपूर्वीची सही होती. तिने नवा कागद पुढे सरकवला. बन्सीने सही केली. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "आबा, जुळत नाही हो. परत एकदा करा, सावकाश." त्याने सावकाश केली. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. तिसऱ्यांदा करताना पेन कागदात घुसला. माया म्हणाली, "मॅडम, त्यांच्या हाताला त्रास आहे." बाई म्हणाली, "मग आधी सांगायचं ना. अंगठा चालतो." तिने शाईचं पॅड पुढे केलं.

बन्सी पॅडकडे पाहत राहिला. मग त्याने डावा हात पुढे केला. बाईने खिडकीतून आपला हात बाहेर काढून त्याचा अंगठा धरला, पॅडवर दाबला, कागदावर टेकवला, अलगद एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिरवला. ठसा स्वच्छ उमटला. मग तिने कार्ड उघडलं, पट्टी ठेवली आणि 'चांगुणा बन्सी ओव्हाळ' या नावावर निळी रेघ मारली. अंगठ्याखाली कुणाचा ते लिहावं लागतं. तिने ते लिहायला घेतलं, एकेक अक्षर सुटं, गोल, शाळकरी. बन्सी खिडकीच्या गजाला धरून ती लिहून संपेपर्यंत उभा राहिला.

"नाव बरोबर लिहिलंय ना, आबा? वाचता येतं का तुम्हाला?" तिने विचारलं.

माया काहीतरी बोलायला पुढे झाली. त्याने तिला कोपराने मागे सारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तुमी लिवलंय म्हंजी बरोबरच आसंल."